विश्लेषण : कंबरदुखी, गुडघेदुखीवर घरच्या घरी ‘टेन्स’ मशीन... कसे वापरावे? कोणी टाळावे?

गुडघा, कंबर, मान दुखू लागली की पूर्वी बाम, गरम पाण्याची पिशवी आणि फार तर वेदनाशामक गोळी इथपर्यंतच घरचे उपाय असत. आता त्यात ‘टेन्स’ मशीनची भर पडली आहे. फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात दिसणारे हे उपकरण मोबाइलएवढ्या आकारात, हजार-दोन हजार रुपयांपासून ऑनलाइन मिळते. खरेदीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागत नाही. नीट वापरले तर हे मशीन बऱ्यापैकी सुरक्षित आहे. मात्र ते दुखणे बरे करत नाही, ते जाणवणे कमी करते. हा फरक लक्षात न घेता ते वापरले, तर धोका विजेच्या झटक्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी असतो.

टेन्स म्हणजे नेमके काय?

‘ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन’ या लांबलचक नावाचे हे लघुरूप. अर्थ सरळ आहे : त्वचेवरून विजेचे सौम्य स्पंद देऊन मज्जातंतूंना चेतवणे. बॅटरीवर चालणारी एक डबी, तिला जोडलेल्या वायरी आणि त्यांच्या टोकाला चिकट जेल असलेले दोन किंवा चार पॅड एवढाच त्याचा पसारा. पॅड त्वचेवर चिकटवून मशीन सुरू केले की मुंग्या आल्यासारखे, झिणझिणल्यासारखे वाटते.

अनेक जण याला ‘करंटचा शेक’ म्हणतात. पण टेन्समध्ये उष्णता नसते, त्यामुळे तो शेक नव्हे. तसेच ‘ईएमएस’ नावाचे दिसायला अगदी सारखे उपकरण बाजारात आहे. ते स्नायू आकुंचित करण्यासाठी असते, वेदना कमी करण्यासाठी नव्हे. काही मशीनमध्ये दोन्ही पर्याय एकत्र असतात. त्यामुळे बटण दाबण्याआधी आपण कोणता पर्याय निवडला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

वेदना कमी कशी होते?

विजेने वेदना शमवण्याची कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखी आणि संधिवातासारख्या दुखण्यावर विजेचा झटका देणाऱ्या माशाचा उपाय लिहून ठेवला होता. त्यामागचे शास्त्र मात्र विसाव्या शतकात उलगडू लागले. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूतील एका ‘फाटका’तून जातो आणि स्पर्शाचे संदेश त्या फाटकावर गर्दी करू लागले की वेदनेच्या संदेशाला वाट कमी मिळते, असे हा सिद्धांत सांगतो. कोपर दाराला आपटले की आपण नकळत ते चोळू लागतो आणि बरे वाटते, त्यामागे हेच कारण. टेन्सही तेच करते. हाताऐवजी विजेचे स्पंद ‘चोळण्या’चे काम करतात. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी १९६७ मध्ये रुग्णांवर हा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

दुसरा मार्ग रसायनांचा आहे. या स्पंदांमुळे शरीरात एन्डॉर्फिनसारखी नैसर्गिक वेदनाशामके स्रवतात. जास्त फ्रिक्वेन्सीचे (साधारण ५० ते १०० हर्ट्झ) स्पंद मुख्यतः मुंग्यांची जाणीव देतात आणि त्यांचा परिणाम लवकर सुरू होतो. कमी फ्रिक्वेन्सीच्या (साधारण २ ते ५ हर्ट्झ) स्पंदांत स्नायू हलकेच फडफडतो. घरी पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी जास्त फ्रिक्वेन्सीचा पर्याय अधिक सोयीचा असतो.

याचा खरेच उपयोग होतो का?

यावर वैद्यकीय जगतात एकमत नाही. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ३८१ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे साडेचोवीस हजार रुग्णांचा अभ्यास एकत्र करण्यात आला. मशीन सुरू असताना आणि बंद केल्यानंतर लगेच वेदना कमी होते, आणि गंभीर दुष्परिणाम दिसत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसरीकडे, ब्रिटनमधील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असे सांगितले. अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेनेही २०१२ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सचा खर्च देणे थांबवले.

हे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आत्ता, या घटकेला दुखणे कमी होईल का? अनेकांच्या बाबतीत होय. महिनोन्‌महिने वापरून कंबरदुखी कायमची जाईल का? तसा भरवशाचा पुरावा नाही. गुडघ्याची झीज झाली असेल तर टेन्समुळे ती भरून येत नाही. मणक्यातील सरकलेली चकतीही त्यामुळे जागेवर बसत नाही. ‘मुळापासून इलाज’ असे लिहिलेल्या जाहिरातीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

मग ते वापरायचेच कशाला?

सततच्या वेदनाशामक गोळ्यांना मर्यादा आहेत, हे त्याचे मुख्य कारण. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढू शकतो. ज्येष्ठांमध्ये हा धोका अधिक. अशा वेळी काही तासांचा का होईना, पण गोळीविना आराम मिळत असेल तर तो मोलाचा ठरतो. मासिक पाळीतील पोटदुखीसाठीही काही महिलांना टेन्सचा उपयोग होतो. मात्र सुरू असलेली औषधे डॉक्टरांना न विचारता परस्पर बंद करू नयेत.

कोणी अजिबात वापरू नये?

पेसमेकर किंवा हृदयाचे ठोके नियंत्रित करणारे ‘आयसीडी’ उपकरण बसवलेल्यांनी घरी टेन्स वापरू नये. मशीनमधून येणारे स्पंद हे हृदयाचेच संकेत आहेत, असे त्या उपकरणाला वाटू शकते. परिणामी पेसमेकर आवश्यक ठोका देण्याचे थांबवू शकतो किंवा आयसीडी विनाकारण झटका देऊ शकते. शरीरात बसवलेले अन्य कोणतेही विद्युत उपकरण असेल तरी हाच नियम लागू होतो.

हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेले, फिट येण्याचा त्रास असलेले आणि कर्करोगाचे उपचार घेत असलेले रुग्ण यांनी आपल्या डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय हे मशीन लावू नये. गर्भवतींनी विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत ते टाळावे आणि पोट व ओटीपोटावर कधीही लावू नये. काही देशांत प्रसूतिकळांच्या वेळी पाठीवर टेन्स लावले जाते. ते प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली होते. त्यावरून गरोदरपणात घरी प्रयोग करू नयेत. लहान मुलांना, तसेच काय जाणवते ते नीट सांगू न शकणाऱ्या, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना मशीन लावून एकटे सोडू नये.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचा प्रश्न नेहमी येतो. केवळ शरीरात धातू आहे म्हणून टेन्स वर्ज्य ठरत नाही. फिजिओथेरपीतील ‘शॉर्टवेव्ह डायथर्मी’ या वेगळ्या उपचारात धातू तापण्याचा धोका असतो आणि दोन्हींची गल्लत होते. तरीही शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधी शल्यविशारदांना विचारावे.

शरीरावर कुठे लावू नये?

गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर पॅड कधीही लावू नये. तेथे रक्तदाब आणि हृदयाची गती यांवर लक्ष ठेवणारी संवेदनशील जागा असते. ती चेतवली गेल्यास रक्तदाब एकदम घसरून भोवळ येऊ शकते. घशातील स्नायूही आवळले जाऊ शकतात. डोळे, तोंड, कानशिले व डोके, जननेंद्रिये येथेही पॅड लावू नयेत. एक पॅड छातीवर आणि दुसरा पाठीवर, किंवा छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे लावल्यास विजेची वाट छातीतून जाते. तेही टाळावे. मान दुखत असेल तर पॅड मानेच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या दोहों अंगांना लावावेत.

जखम, पुरळ, जंतुसंसर्ग, भाजलेली त्वचा, फुगलेल्या शिरा, रक्ताची गुठळी असलेला पाय आणि कर्करोगाची गाठ यांवरही मशीन लावू नये.

मधुमेहींसाठी वेगळी काळजी का?

टेन्सची संपूर्ण सुरक्षितता एका गोष्टीवर अवलंबून आहे : त्वचेला काय होते आहे, हे माणसाला कळले पाहिजे. करंट जास्त झाला तर आपण ‘आई गं’ म्हणून बटण खाली आणतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. मग ‘काहीच जाणवत नाही’ म्हणून करंट वाढवला जातो आणि त्वचा भाजल्याचे नंतर लक्षात येते. मधुमेहींच्या पायावरची छोटी जखमही चिघळू शकते.

यासाठी घरीच एक सोपी तपासणी करता येते. डोळे मिटून बसावे. घरातील दुसऱ्या व्यक्तीने पॅड लावायच्या जागी कधी कापसाचा बोळा, तर कधी दात कोरायच्या काडीचे टोक हलकेच टेकवावे. कोणते कधी लागले, हे ओळखता आले नाही तर त्या जागी पॅड लावू नये आणि हा बधिरपणा डॉक्टरांना दाखवावा. पक्षाघातानंतर संवेदना कमी झालेल्यांनीही हीच काळजी घ्यावी.

वापरण्याची योग्य पद्धत कोणती?

पहिली एक-दोन वेळ फिजिओथेरपिस्टसमोर लावून पाहणे उत्तम. त्यानंतर घरी हा क्रम पाळावा :

१. त्वचा साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, बाम, क्रीम लावलेल्या त्वचेवर पॅड नीट चिकटत नाही आणि करंट एकाच जागी एकवटतो.

२. मशीन बंद असतानाच पॅड चिकटवावेत. ते दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून किमान एक इंच अंतरावर असावेत.

३. मशीन सुरू करण्याआधी करंट शून्यावर असल्याची खात्री करावी. मग तो एकेक पायरीने वाढवावा.

४. ‘ठळक, पण सुसह्य’ झिणझिण्या जाणवल्या की थांबावे. दुखत असेल, टोचत असेल किंवा जळजळत असेल तर करंट कमी करावा. ‘जास्त करंट, जास्त आराम’ हा समज चुकीचा आहे.

५. काही मिनिटांनी शरीराला सवय होऊन झिणझिण्या मंद वाटतात. तेव्हा करंट किंचित वाढवायला हरकत नाही.

६. पॅडची जागा बदलायची असेल किंवा ते काढायचे असतील तर आधी मशीन बंद करावे. चालू मशीनचा पॅड ओढला की कमी जागेतून तेवढाच करंट जातो आणि जोराचा चटका बसतो.

७. वापर झाल्यावर त्वचा पाहावी. किंचित लाली थोड्या वेळात जाते. ती टिकून राहिली, खाज सुटली किंवा फोड आला तर पुन्हा त्या जागी मशीन लावू नये. अनेकदा पॅडच्या चिकट जेलची ॲलर्जी असते.

किती वेळ वापरावे?

साधारणपणे एका वेळी ३० ते ६० मिनिटे पुरतात. पहिल्या दिवशी १५-२० मिनिटांपासून सुरुवात करावी. दिवसातून काही वेळा वापरता येते, पण मध्ये त्वचेला विश्रांती द्यावी आणि पॅडची जागा थोडी बदलावी. रोज तासन्‌तास तोच पर्याय वापरल्यास शरीर सरावते आणि परिणाम ओसरू लागतो.

झोपताना मशीन लावून ठेवू नये. अंघोळ करताना किंवा ओल्या जागी ते वापरू नये. वाहन चालवताना, त्यात दुचाकीही आली, आणि यंत्रावर काम करताना ते बंद ठेवावे. अचानक बसलेल्या झटक्याने हात सुटू शकतो. पॅडवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. रिचार्ज होणारे मशीन चार्जिंगला लावलेले असताना अंगावर वापरू नये.

कोणते दुखणे मशीनने दाबू नये?

घरगुती वापरातील सर्वात मोठा धोका येथे आहे. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. कारण माहीत नसलेल्या दुखण्यावर टेन्स लावणे म्हणजे ती सूचना ऐकू येऊ नये म्हणून कान झाकून घेणे.

छातीत दुखणे किंवा दडपण, डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात जाणारी कळ, सोबत घाम, धाप किंवा मळमळ असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. ‘खांदा अवघडला असेल’ म्हणून अर्धा तास मशीन लावून बसण्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो. विशेषतः महिला, ज्येष्ठ आणि मधुमेही यांच्यात ही लक्षणे ठळक नसतात. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कंबरदुखीसोबत पायातली ताकद कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरता येणे ही मज्जातंतूंवर दाब आल्याची लक्षणे आहेत. त्यात काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. एकाच पोटरीला सूज, लाली आणि दुखणे असेल तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. पडल्यानंतर सुरू झालेली ज्येष्ठांची कंबरदुखी, ताप किंवा विनाकारण वजन घटण्यासोबतचे पाठदुखणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी आणि निदान न झालेली पोटदुखी यांतही आधी डॉक्टर, मग मशीन हाच क्रम असावा.

खरेदी करताना काय पाहावे?

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक आहे का, हे पाहावे. सोबत वाचता येईल अशी माहितीपुस्तिका असावी. फ्रिक्वेन्सी आणि करंट स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारे, ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होणारे मशीन घ्यावे. ‘पन्नास मोड’ असलेले मशीन अधिक गुणकारी असतेच असे नाही. बदली पॅड सहज मिळतात का, हेही विचारावे. पॅडचा चिकटपणा गेला, कडा सुटू लागल्या की ते बदलावेत. पट्टीने किंवा टेपने दाबून वापरू नयेत. एकाचे पॅड घरातील दुसऱ्याने वापरू नयेत.

दवाखान्यात आधी लावून पाहून उपयोग होत असेल तरच विकत घ्यावे, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

उपयोग होतो आहे, हे कसे ओळखावे?

मशीन लावण्याआधी आणि काढल्यावर वेदनेला ० ते १० पैकी गुण द्यावेत आणि ते वहीत लिहावेत. आराम किती वेळ टिकला, तेही नोंदवावे. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी पाहिल्यावर चित्र स्पष्ट होते. ७ वरून ४ वर येत असेल तर मशीन कामाचे आहे. फरक नसेल तर करंट वाढवत न बसता ते बाजूला ठेवावे आणि तज्ज्ञांना भेटावे. ही वही डॉक्टरांना दाखवली तर त्यांनाही उपचार ठरवणे सोपे जाते.

आणखी एक नोंद तितकीच महत्त्वाची : वेदना कमी असलेल्या त्या तास-दोन तासांत आपण काय केले? गुडघेदुखी आणि कंबरदुखीत दीर्घकाळ टिकणारा फायदा व्यायामाने, चालण्याने आणि वजन आटोक्यात ठेवल्याने होतो. दुखते म्हणून व्यायाम होत नाही आणि व्यायाम होत नाही म्हणून दुखणे वाढते, हे चक्र अनेकांना ठाऊक आहे. टेन्सचा खरा उपयोग ते चक्र तोडण्यासाठी आहे. मशीन लावून दूरचित्रवाणीसमोर बसण्यापेक्षा, आराम पडल्यावर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व कंबरेचे व्यायाम करावेत किंवा चार पावले चालून यावे. मात्र वेदना जाणवत नाही म्हणून एरवी झेपत नाही एवढे वजन उचलण्याचे किंवा जिने चढण्याचे धाडस त्या वेळात करू नये. सांध्याची अवस्था मशीन लावण्याआधी होती तीच असते.